तीन तासांचं आधण, तीन लाख वर्षांचा माणूस

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीनं हा प्रश्न विचारलाय. "सर, आपल्यासारखा माणूस तीन लाख वर्षांपासून पृथ्वीवर आहे म्हणतात. पण शेती, गावं, लिपी, राज्यं, यंत्रं हे सगळं तर गेल्या दहा-बारा हजार वर्षांतलं. मग त्याआधीची एवढी वर्षं माणूस करत काय होता? तेव्हाची माणसं बुद्धीनं कमी होती का? आणि नंतर एकदम एवढी घाई कशाची झाली?"

कोल्हापुरात मी ३४ वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी वर्गातलं कुणी ना कुणी हे विचारायचंच. ज्या वर्षी कुणी विचारायचं नाही, त्या वर्षी मलाच चुकल्यासारखं व्हायचं, कारण इतिहासात याच्याहून मोठा प्रश्न मला माहीत नाही. सुरुवातीला मी फळ्यावर लांब रेघ मारून तिच्यावर टप्पे पाडायचो. मुलं रेघ वहीत उतरवून घ्यायची आणि प्रश्न होता तिथंच राहायचा. काय कधी झालं ते रेघेत दिसतं, का झालं ते दिसत नाही. मग एका वर्षी लक्षात आलं की समोर बसलेली निम्मी मुलं करवीर, कागल, पन्हाळ्याकडची, ऊसवाल्या घरांतली आहेत. यांना गुऱ्हाळातूनच सांगावं. तेव्हापासून मी हा धडा असाच शिकवत आलो.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला. माझे थोरले चुलते गुळव्या होते, म्हणजे गूळ करणारे कारागीर; आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. दिवाळी झाली की गुऱ्हाळ पेटायचं आणि शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथं जाऊन बसायचो. चरकातून निघालेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडायचा, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. रस तापला की मळी वर यायची. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की ती एकवटायची, मग आण्णा ती काढून टाकायचे. त्यानंतर सुरू व्हायचं ते नुसतं उकळणं. तास झाला, दीड तास झाला, दोन तास झाले. वाफ वर जातेय, रस खदखदतोय, आणि बघावं तर मघाशी होता तसाच दिसतोय. मला कंटाळा यायचा. "आण्णा, कधी हुणार?" मी विचारायचो. आण्णा म्हणायचे, "हुतंयच की बाळ. दिसत न्हाई म्हणून काय झालं?"

आणि मग शेवटची दहा मिनिटं. आधी मोठे मोठे बुडबुडे यायचे ते बारीक व्हायचे, फेस काहिलीच्या काठाला येऊन लागायचा, रंग पिवळ्याचा तांबूस व्हायचा. वास तर पार रस्त्यापर्यंत जायचा. काकवीची पायरी आली की आण्णांचं बोलणं बंद. ते पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचे, बोटांत गोळी करायचे, दाबून बघायचे. मऊ. पुन्हा थेंब, पुन्हा गोळी. अजून जरा. तिसरी गोळी कडक लागली की एकच शब्द, "उतरा!" की गडी धावून काहील उतरवायचे आणि वाफ्यात ओतायचे. या वेळी अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर गूळ करपायचा, अर्ध्या मिनिटाची घाई झाली तर तो चिकट राहायचा, धरायचाच नाही. पहिल्या दोन तासांत मात्र आण्णा बाहेर जाऊन कुणाशी तरी गप्पा मारून यायचे, तरी काही बिघडायचं नाही.

आता याच काहिलीत माणसाचा इतिहास ओतू. एक आधण, म्हणजे काहिलीची एक खेप, तीन तासांचं धरा. तीन लाख वर्षं या तीन तासांत बसवली तर एका मिनिटात साधारण १,६६७ वर्षं येतात आणि एका सेकंदात २८. म्हणजे एक सेकंद ही जवळजवळ एक पिढी झाली, आजोबा-बाप-पोरगा म्हणजे तीन सेकंद. मोरोक्कोत जेबेल इर्हूद इथं सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे मानवी अवशेष सापडले, तिथं आपला रस काहिलीत पडला. आज जगभर पसरलेल्या बहुतेकांचे पूर्वज आफ्रिकेबाहेर पडले ते ६० ते ७० हजार वर्षांपूर्वी, म्हणजे दोन तास वीस मिनिटं उलटून गेल्यावर. शेतीला सुरुवात झाली तेव्हा सात मिनिटं उरली होती. मेसोपोटेमियात लिपी आली तेव्हा तीन मिनिटांपेक्षा थोडी जास्त. हडप्पा-मोहेंजोदडो भरभराटीला आली तेव्हा पावणेतीन. अशोकाचे शिलालेख ८० सेकंदांपूर्वीचे. शिवरायांचा राज्याभिषेक, १६७४, साडेबारा सेकंदांपूर्वी. देश स्वतंत्र होऊन तीन सेकंदही झाले नाहीत.

वर्गात हे आकडे सांगितले की एक शांतता पसरायची. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "म्हणजे सर, दोन तास पन्नास मिनिटं काहीच झालं नाही." आणि मी म्हणायचो, आण्णांना विचार.

कारण त्या दोन तास पन्नास मिनिटांत पाणी आटत होतं. शंभर किलो उसापासून गूळ निघतो दहा-अकरा किलो. रसाचा बहुतेक भाग पाणीच असतो आणि ते उडून जायला वेळ लागतो. गुऱ्हाळात थर्मामीटर घेऊन बसलात तर एक गोष्ट दिसेल. रस उकळायला लागला की तापमान शंभर अंशांच्या थोडं वर जाऊन तिथंच अडकून बसतं, तास उलटले तरी हलत नाही, कारण सगळी आच पाणी उडवण्यात खर्च होते. रस दाट झाला की तोच जाळ तापमान चढवायला लागतो, १०५ वर काकवी होते आणि ११६-११८ च्या आसपास गुळाची वेळ येते. खाली जाळ तोच असतो. बदलला असतो तो दाटपणा.

तुमच्या प्रश्नाचा गाभा इथं आहे. जाळ म्हणजे माणसाची बुद्धी, त्याची शिकण्याची भूक. ती पहिल्यापासून पेटलेली होती. जेबेल इर्हूदच्या माणसाचा मेंदू आकारमानानं आपल्याएवढाच होता, कवटी तेवढी आपल्यापेक्षा लांबट. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे एक लाख वर्षांपूर्वीचं एक साहित्य सापडलंय. कुणीतरी गेरू घासून त्याची पूड केली, हाडं तापवून त्यांतली चरबी घेतली, कोळसा कुटला आणि हे सगळं मोठ्या शिंपल्यात कालवून रंग तयार केला. दगड, हाड, शिंपला सगळं एकत्र ठेवलेलं. पाककृतीच म्हणा ना. आधी काय, नंतर काय, किती, कशात. जो माणूस एवढ्या पायऱ्या डोक्यात धरून काम करतो त्याला आज शिवाजी विद्यापीठात आणून बसवलं असतं तर, लहानपणापासून शिकायला मिळालं या अटीवर, तो तुमच्या-माझ्यासारखाच शिकला असता. ती माणसं मठ्ठ नव्हती. हे मी वर्गात टेबलावर हात आपटून सांगायचो आणि इथंही तितक्याच ठामपणे सांगतो.

मग कमी काय होतं? दाटपणा. दाटपणा म्हणजे किती माणसं एकमेकांच्या बोलण्याच्या अंतरावर आहेत आणि एकाला सुचलेलं दुसऱ्यापाशी, बापाला कळलेलं पोरापाशी किती टिकतं. शेती सुरू होण्याच्या सुमारास अख्ख्या जगात किती माणसं असावीत, याचे अंदाज १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जातात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांवर होती. म्हणजे आपला एक जिल्हा उचलून सगळ्या खंडांवर विखरून टाकलाय असं समजा. वीस-पंचवीस माणसांची टोळी, पुढची टोळी चार दिवसांच्या वाटेवर. एखाद्या बाईला दोरी वळायची नवी युक्ती सुचली आणि पावसाळ्यात ती साथीनं गेली की युक्ती तिच्याबरोबर गेली. शंभर वर्षांनी दुसऱ्या कुणाला ती पुन्हा सुचायची आणि पुन्हा जायची. हे सगळं आटणंच होतं, फार मंद. त्यातही माणसं होड्यांनी समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियाला पोहोचली, कुत्रा माणसाळवला, गुहांतून चित्रं काढली. "काहीच झालं नाही" म्हणणाऱ्यानं एकदा सुई हातात घेऊन विचार करावा. हाडाला भोक पाडून त्यात दोरा ओवायचा, हे पहिल्यांदा कुणाला तरी सुचावं लागलं होतं.

एक उदाहरण मला फार आवडतं. गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो नावाच्या ठिकाणी २३,००० वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तिथली माणसं रानटी जव-गहू गोळा करत होती, दगडावर दाणे वाटत होती. म्हणजे दाण्याची ओळख होती, वाटायचा दगड होता, भूक तर होतीच. तरी शेती रूढ व्हायला त्यानंतर आणखी दहा-अकरा हजार वर्षं गेली. का?

गुऱ्हाळाच्या भाषेत सांगायचं तर छप्पर नव्हतं. एकदा आमच्या गुऱ्हाळावर फेब्रुवारीत अवकाळी वळीव आला. छपराचा पत्रा उडाला आणि दोन तास आटवलेल्या रसात पावसाचं पाणी पडलं. आण्णा कपाळाला हात लावून बसले. रस होता, जाळ होता, पण सगळं पुन्हा पहिल्यापासून. हिमयुगात हवामान असंच होतं. थंडी तर होतीच, त्याहून वाईट म्हणजे भरवसा नव्हता. एका माणसाच्या हयातीत पाऊसपाणी आणि उष्णता पार पालटून जावी असे झटके पुन्हा पुन्हा येत होते. हवेत कार्बन डायऑक्साइडही आजच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे गवतवर्गी पिकांची वाढच खुरटी. अशा काळात बी पेरून सहा महिने वाट बघणं म्हणजे मुलाबाळांचा जीव पणाला लावणं होतं. फिरत राहणं हेच शहाणपण. ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग सरलं, हवामान बरंचसं स्थिरावलं आणि काहिलीवर छप्पर आलं.

पुढे जे घडलं तो माझ्या मते या सगळ्या युक्तिवादाचा सर्वांत बळकट पुरावा आहे. छप्पर आलं तसं पृथ्वीवर वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या लोकांनी शेती सुरू केली. पश्चिम आशियात गहू आणि जव, चीनमध्ये भात आणि भरड धान्यं, मेक्सिकोत मका, न्यू गिनीत अळूवर्गी कंद आणि केळी. चार गावांतली चार गुऱ्हाळं, एका गावचा माणूस दुसऱ्या गावाला कधी गेलेला नाही, तरी चारही ठिकाणी गूळ थोड्याफार फरकानं एकाच सुमाराला धरतोय. मग हे कुण्या एका महापुरुषाच्या डोक्यातून निघालं असं कसं म्हणणार? जाळ सगळीकडे सारखा होता, छप्पर सगळीकडे एकाच वेळी आलं. आणि तेव्हाही घाई नव्हती बरं का. रानटी गव्हाचे दाणे पिकले की गळून पडतात. न गळणारा, कणसातच राहणारा गहू तयार व्हायला दोन-तीन हजार वर्षं लागली. त्या काळातल्या एकाही माणसाला आपण काही क्रांती करतोय असं वाटलं नसणार. गेल्या हंगामासारखाच हा हंगाम, इतकंच.

आपल्या महाराष्ट्रातही हे बघायला मिळतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा काळ तिथं शेतकरी नांदले, जव पिकवला, पाण्यासाठी पाट काढला, धान्याची कोठारं बांधली. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे, आईच्या पायाखाली. पुढे पाऊस कमी होत गेला, शेती मोडली आणि वस्ती उठली. म्हणजे छपराला गळती लागायची ती लागतच राहिली. काहिलीत दाटलेला रस पुन्हा पातळ होऊ शकतो, हे इनामगाव सांगतं.

लिपीबद्दल मात्र मला थोडं थांबून बोलायचंय. उरुक शहरात इसवी सनापूर्वी ३३०० च्या सुमाराला मातीच्या पाट्यांवर पहिल्या खुणा उमटल्या त्या कवितेच्या नव्हत्या, हिशेबाच्या होत्या. किती जव आलं, किती मेंढ्या गेल्या. पण त्या पाट्यांमुळे माणूस मेला तरी त्याला माहीत असलेलं उरायला लागलं. याची किंमत मला आण्णा गेले तेव्हा कळली. त्यांना रसाच्या रंगावरून कळायचं की ऊस कुठल्या रानातला आहे, भेंडी किती लागेल, चुना किती. माझ्या चुलतभावांनी त्यांच्याबरोबर काम केलं, पण ते सगळं उतरलं नाही. मी शिकलेला, हातात पेन असलेला, मी तरी कुठं लिहून घेतलं? त्यांच्यामागं दोन हंगामांत गुऱ्हाळ बंद पडलं.

हेच मोठ्या प्रमाणावर आपल्या उपखंडात घडलंय. इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास सिंधू संस्कृतीची शहरं विस्कटली आणि तिची लिपीही मागं पडली. ती आजही वाचता आलेली नाही. त्यानंतर खात्रीनं वाचता येणारे लेख मोठ्या प्रमाणावर दिसतात ते थेट अशोकाच्या ब्राह्मीत, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. मधली सोळाशे वर्षं म्हणजे आपल्या काहिलीतलं जवळजवळ एक अख्खं मिनिट, आणि तेही शेवटच्या तिनांतलं. त्या काळात माणसांनी पाठांतराची अफाट ताकद कमावली हे खरं, पण विटा भाजायची, सांडपाण्याची गटारं बांधायची, सारख्या वजनांनी मोजायची ती नगररचना पुन्हा उभी राहायला किती काळ गेला ते बघा.

दाटपणा वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे ढवळणं. काहिलीत काठाचा रस मध्ये आणि मधला काठाला गेला नाही तर एका जागी करपतो आणि दुसरीकडे कच्चा राहतो. हे बघायला लांब जायला नको, आपल्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात जा. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनांच्या काळातल्या वस्तूंबरोबर पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती सापडली. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. कुठं भूमध्य समुद्र, कुठं आपली ब्रह्मपुरी! मधे अरबी समुद्र, कोकणातली बंदरं आणि सह्याद्रीचे घाट. व्यापाऱ्यांचे तांडे, बैलं, हमाल, सगळ्यांनी मिळून ते ढवळणं चालवलं होतं. मी प्रत्येक तुकडीला ती मूर्ती दाखवायला नेत असे. एक मुलगा काचेला नाक लावून म्हणाला होता, "सर, हा इथं आला तेव्हा त्याचं नाव कुणाला माहीत होतं का?" त्याचं उत्तर मला आजही देता येत नाही, पण इतका सुंदर प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल.

तांबड्या रश्श्याचं घ्या. कोल्हापूर म्हटलं की मिरची, पण मिरची आपली नाही. ती मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. आपल्या काहिलीच्या हिशेबात १९ सेकंदांपूर्वी. त्याआधी तिखटासाठी मिरी होती. मिसळीतला बटाटा, शेंगदाणा, टोमॅटो, मका, सगळे त्याच वाटेनं आलेले. १४९२ नंतर एकमेकांपासून हजारो वर्षं तुटलेल्या दोन काहिली एकत्र ओतल्या गेल्या. आपल्याला मिरची मिळाली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना देवीची साथ मिळाली आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या.

याच ठिकाणी उसाची गोष्टही सांगायला हवी, कारण आपण उसाच्या जिवावर जगणारी माणसं आहोत. गोड ऊस माणसानं पहिल्यांदा लावला न्यू गिनीत. तो आपल्याकडे आला, आपल्या लोकांनी रस आटवून गूळ आणि खडे करायची कला काढली. इंग्रजीतला साखरेचा शब्द आपल्या 'शर्करा'तूनच गेलाय. अरबांनी ऊस भूमध्य समुद्रापर्यंत नेला, १४९३ मध्ये कोलंबसानं दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर नेला. आणि मग तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी मुख्यतः आफ्रिकेतली माणसं पकडून नेणं सुरू झालं. अटलांटिक ओलांडण्यासाठी जहाजांत कोंबलेल्या माणसांचा आकडा सुमारे १ कोटी २५ लाख आहे. त्यांतली १८ लाखांच्या आसपास वाटेतच गेली. आमच्या गावच्या गुऱ्हाळात आणि त्या मळ्यांत पीक एकच होतं. म्हणून "माणसाची प्रगती झाली" एवढंच लिहून थांबणाऱ्या उत्तरपत्रिकेला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. शेतीनंही सुरुवातीला माणसाची तब्येत अनेक ठिकाणी बिघडवलीच. सांगाडे बघितले तर उंची घटलेली आणि दात किडलेले दिसतात. माणसं वाढली, पण एकेका माणसाच्या वाट्याला आलं काय, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक टप्प्यावर विचारला पाहिजे.

आता शेवटचे नऊ सेकंद. गुऱ्हाळात ज्या उसाचा रस, त्याच उसाचं चिपाड चुलवाणात. माणसाचंही हजारो वर्षं असंच चाललं होतं. रानात जे पिकेल त्यावर माणूस आणि बैल राबणार, जंगलात वाढेल तेवढंच लाकूड जळणार. वारा आणि वाहतं पाणी सोडलं तर दुसरी ताकद नाही. म्हणून मी म्हणत होतो की जाळ तोच होता. १७६९ मध्ये जेम्स वॅटनं सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट घेतलं, खाणीतला कोळसा इंजिनांत मोठ्या प्रमाणावर जळायला लागला आणि तेव्हा पहिल्यांदा जाळच वाढला. कोळसा म्हणजे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी गाडलं जाऊन दडपलेलं चिपाड. बाहेरून आणलेलं, साठवलेलं आणि परत न मिळणारं. रस आधीच दाट, त्यात चुलवाणात दसपट जाळ. म्हणून तुम्हाला ती घाई दिसते. १८०० च्या सुमारास जगात साधारण १०० कोटी माणसं होती, २०२२ मध्ये ८०० कोटी झाली. १९१३ मध्ये जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायचा कारखाना सुरू झाला, त्या वाटेनंच आपल्या उसाला आज युरिया मिळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या वर गेलाय. ज्या छपराखाली सात मिनिटांपूर्वी हे सगळं जमून आलं, त्याच छपराला आता खालून आच लागतेय. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना मी यावर वेगळं काय सांगणार?

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "सर, मग मळी म्हणजे कोण?" मुलगा निरागस होता, पण मी खडू खाली ठेवला. या दृष्टान्तात मळीला जागा नाही. काही माणसं, काही जाती, काही वंश म्हणजे काढून टाकायची मळी, असं मानणाऱ्यांनी विसाव्या शतकात काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. उलट रसातला किती भाग काहिलीबाहेर ठेवला गेला, हा खरा प्रश्न. शाळेत न बसू दिलेल्या प्रत्येक मुलीची आणि प्रत्येक अस्पृश्य मानलेल्या मुलाची बुद्धी हा बाहेर सांडलेला रसच होता. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. माझी आजी सही करू शकत नव्हती. मी प्राध्यापक झालो. मधे फक्त दोन सेकंद गेले.

हा दृष्टान्त कुठं अपुरा पडतो, तेही सांगतो, कारण परीक्षेत कुणी हटकलं तर उत्तर हवं. गुऱ्हाळात गुळव्या असतो, त्याला ठाऊक असतं की गूळ करायचाय. इतिहासाला गुळव्या नाही. हे सगळं आजच्यासारखंच होणार होतं असं कुठंही ठरलेलं नव्हतं. थोडा वेगळा पाऊस, एखादी वेगळी साथ, आणि रस काकवीवरच राहिला असता. शिवाय काहील एक नव्हती, अनेक होत्या, आणि काही लोकांनी आपली काहील जाणूनबुजून मंद आचेवर ठेवली. हिंडून शिकार करणारे, कंदमुळं गोळा करणारे समाज आजही आहेत. त्यांचा "अजून गूळ झालेला नाही" असं म्हणाल तर सगळाच दृष्टान्त वाया गेला. तेही आपल्याएवढेच, तीन लाख वर्षं उकळलेले आहेत.

तर बाई, आता एक काम करा. दिवाळीनंतर मार्चपर्यंत आपल्याकडे गुऱ्हाळं चालू असतात. सकाळचं पहिलं आधण लागतं त्या वेळी जा, घड्याळ घेऊन. गुळव्याला सांगा, अभ्यासासाठी आलेय; चहा आणि रस दोन्ही मिळेल. दोन तास अजिबात उठू नका, कंटाळा येऊ द्या, तो यायलाच हवा. मग गुळव्याचं बोलणं बंद झालं की घड्याळ बघा आणि तिथून "उतरा" म्हणेपर्यंतची मिनिटं वहीत लिहा. आणि त्याची परवानगी घेऊन, त्याला रंगावरून काय कळतं तेही विचारून लिहून ठेवा.